बूच काढायचे पंधरा डॉलर

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरात त्या दिवशी दोन मोठ्या बॅगा आ वासून पडल्या होत्या. ताई-भावोजींच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ ठरली होती आणि आम्ही दोघंही सोबत जाणार होतो. मेतकूट, दशम्या, कुंद्याचे दोन डबे, बीपीच्या गोळ्या, सगळं भरून झालं. मग भावोजींनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली काढली. नंदी हिल्सकडची लाल वाईन, कॅम्पातल्या दुकानातून आणलेली. "जहाजावर माणशी एक चालते म्हणे," ते म्हणाले, आणि बाटली टॉवेलात घालून बॅगेच्या तळाशी सरकवली.

धाकट्या बहिणीचा मुलगा खानापूरचा. नऊ वर्षं क्रूझवर वेटर आहे, तेव्हा सुट्टीवर घरी आला होता. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "काका, विमानासाठी बरोबर घालूलालाय. पण बंदरावर पोचलात की ती काढून हातातल्या पिशवीत घ्या. विसरू नका."

भावोजी विसरले. त्याची गोष्ट शेवटी सांगतो. आधी त्या भाच्यानं चहाच्या दोन कपांत मला जो हिशोब समजावला तो सांगतो, कारण आपल्याकडून क्रूझला जाणारी मंडळी वाढली आहेत आणि जहाजावरच्या वाईनचं बिल बघून डोळे पांढरे होणारेही.

आपल्याकडे मंगल कार्यालय ठरवायला गेलं की मॅनेजरचा पहिला प्रश्न असतो, केटरर आमचा की बाहेरचा? बाहेरचा आणलात तर ताटामागे रॉयल्टी. तुमचा आचारी, तुमचा किराणा, तुमचा गॅस, तरी पैसे त्याला. का? कारण हॉलचं भाडं तो कमी लावतो आणि कमाई जेवणावर करतो. जहाजाचंही हेच आहे. तिकिटात खोली, तीन वेळचं जेवण, चहा-पाणी, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम सगळं येतं. मग कंपनी कमावते कशावर? दारूवर, कॅसिनोवर, बंदरावर उतरून करायच्या सहलींवर. म्हणून बाहेरची दारू आणलेली तिला खपत नाही. वाईनच्या एखाद्या बाटलीपुरती ती डोळेझाक करते, आणि तुम्ही ती बाटली जेवणाच्या टेबलावर उघडायला सांगितलीत की रॉयल्टी लावते. त्या रॉयल्टीला कॉर्केज म्हणतात. कॉर्क म्हणजे बूच. बूच काढायची मजुरी म्हणा ना.

ही मजुरी साधारण पंधरा डॉलरपासून सुरू होते. बऱ्याच कंपन्यांत तीच बाटली तुम्ही आपल्या खोलीत बसून संपवलीत तर काहीच लागत नाही. पेले खोलीत आणून देतात.

आता यातली मेख. कॉर्केज ठरलेलं असतं. बाटली दहा डॉलरची असो की शंभरची, पंधरा म्हणजे पंधरा. पण जहाजाच्या वाईन-यादीतला दर ठरलेला नसतो, तो गुणाकारानं येतो. दुकानातल्या किमतीच्या अडीचपट, तिप्पट, कधी त्याहून जास्त, आणि वर अठरा ते वीस टक्के सेवा शुल्क आपोआप चढतं. एकीकडे बेरीज, दुसरीकडे गुणाकार. एवढं ध्यानात आलं की बाकीचं बोटांवर मोजता येतं.

भाच्यानं वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडून दाखवलं. समजा दुकानात दहा डॉलरला मिळणारी वाईन आहे. जहाजावर ती बत्तीसला, वर वीस टक्के, म्हणजे अडतीस डॉलर चाळीस सेंट. तीच आपली नेली तर दहा अधिक पंधरा, पंचवीस. वाचले तेरा. आता दुकानात तीस डॉलरची घ्या. जहाजावर पंचाहत्तर, सेवा शुल्कासकट नव्वद. आपली नेली तर तीस अधिक पंधरा, पंचेचाळीस. वाचले पंचेचाळीस. आणि पाच डॉलरची स्वस्तातली नेलीत तर? पाचच्या बाटलीला पंधराची मजुरी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणजे आपले लोक जे करतात त्याच्या बरोबर उलटं करायचं. आपण काय करतो? "नाहीतरी तिथं पैसे लागणारच, मग साधीच नेऊ" असं म्हणून स्वस्तातली बाटली उचलतो आणि भारीतली जहाजावर मागवतो. न्यायची ती चांगली न्यावी. साधी प्यायची असेल तर ती तिथं पेल्यानं मिळते.

पेल्याचाही हिशोब आहे. बाटली ७५० मिलीची, पेला दीडशेचा, म्हणजे पाच पेले. बारा डॉलरनं पाच पेले घेतले तर साठ, शुल्कासकट बहात्तर. तीच बाटली पूर्ण घेतली असती तर चाळीसच्या आत. बारवाल्यांचा जुना ठोकताळाच आहे की पहिल्या पेल्यात बाटलीची खरेदी वसूल व्हावी, उरलेले चार वरकड. "पण दोघांना अख्खी बाटली एका रात्रीत जात नाही रे," असं मी म्हणालो तर तो हसला. "मामा, संपवायला कोण सांगतंय? गळ्यात खोलीच्या नंबराची चिठ्ठी अडकवतो आम्ही. दुसऱ्या रात्री तुम्ही बसायच्या आधी टेबलावर." हे बहुतेक प्रवाशांना ठाऊकच नसतं. घाईनं संपवतात नाहीतर सोडून जातात.

यादीबद्दल आणखी एक गोष्ट. गुणाकार सगळ्या बाटल्यांना सारखा नसतो. सगळ्यात खालच्या ओळीतल्या बाटल्यांवर पट जास्त, वर जाल तसा पट कमी, कारण दोनशेची बाटली सहाशेला लावली तर कोणी घेणार नाही. म्हणून यादीत सगळ्यात स्वस्त बाटली ही बऱ्याचदा सगळ्यात महागात पडलेली असते. शिवाय काही नावं अशी असतात की ती कुठल्याच दुकानात दिसत नाहीत. ती फक्त हॉटेलं, विमानं, जहाजं यांच्यासाठी भरलेली असतात. दर ताडून बघायला दुसरीकडं मिळालीच नाही तर तक्रार कशावर करणार?

लोक विचारतात, भर समुद्रात टॅक्स नसतो ना, मग स्वस्त का नाही? अर्धं खरं आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर, तिथवर त्या देशाची हद्द. त्यापलीकडं कुठल्या देशाचा अबकारी लागत नाही. पण कर नाही म्हणजे दर कमी, असा कायदा कुठं आहे? वाचलेला कर जहाजाच्या गल्ल्यात जातो, तुमच्या खिशात नाही. उलट काही बंदरांत जहाज धक्क्याला लागलेलं असताना तिथला कर बिलात दिसतो. जहाजावरचं ड्यूटी-फ्री दुकान वेगळं आणि बार वेगळा. त्या दुकानातून घेतलेली बाटली तुमच्या हातात येते ती शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या सकाळी.

आता दर्जाचं. इथं मला भाच्यापेक्षा सासुरवाडीनं जास्त शिकवलं. अथणी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची. अथणीपासून विजयपूरपर्यंत आणि इकडं तासगावपर्यंत जाल तिकडं मांडव आणि बेदाण्याची शेड. मेव्हणा वाईन पीत नाही, पण वाईन म्हणजे काय हे त्याच्याइतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नाही.

युरोपात वेल थंडीत झोपते, वसंतात जागी होते, वर्षाला एक पीक. आपल्याकडं वेलीला झोपच नाही. म्हणून दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. माल येतो जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे फ्रान्सात बागा उघड्याबोडक्या असतात तेव्हा आपल्याकडं तोडणी चालू. आता खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष यांत फरक काय? खायच्या द्राक्षाला मणी लांब हवा, साल पातळ हवी, बी नको. त्यासाठी विरळणी करा, घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, पाण्यात बुडवा, पाणी मारा, एकरी दहा-बारा टन काढा. वाईनच्या द्राक्षाचं सगळं उफराटं. मणी बारका, साल जाड, आत बिया. कारण लाल वाईनचा रंग आणि ती जीभ आवळणारी तुरट चव रसात नसते, सालीत आणि बीत असते. मणी फुगला की आत पाणी वाढतं आणि सालीचा वाटा कमी होतो. म्हणून चांगली वाईन करणारा मुद्दाम पीक कमी घेतो, एकरी चार-पाच टनांवर थांबतो. आमटीत दोन तांबे पाणी जास्त घातलं तर माणसं जास्त जेवतात, पण आमटीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट गोडी. मेव्हणा खिशात तो नळीसारखा रिफ्रॅक्टोमीटर ठेवतो. मणी फोडून काचेवर थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडं धरून डोळा लावायचा. आत निळी-पांढरी रेघ दिसते, ती जिथं थांबते तो ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचा आकडा. मीही बघितलंय, पहिल्या वेळी मला फक्त माझ्या पापण्या दिसल्या. खायच्या द्राक्षाला सतरा-अठरा आला की व्यापाऱ्याची गाडी लागते. वाईनला बावीस-चोवीस लागतो. चोवीस ब्रिक्सचा रस पुरता आंबला की साखरेची दारू होऊन साडेतेरा टक्क्यांच्या आसपास जाते. पण गोडीची वाट बघत घड उन्हात ठेवला की आंबटपणा उतरतो, आणि आंबटपणा गेलेली वाईन म्हणजे लिंबू न पिळलेलं सरबत. म्हणून जिथं दिवस गरम आणि रात्र गार, तिथल्या वाईनला चव. गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि दारू ही चार पारडी सारखी असली की वाईन चांगली. बाटलीवरचा किल्ला नाहीतर हरीण बघून काही कळत नाही.

हे सगळं जहाजाला कसं लागतं? एका मोठ्या जहाजावर चार-पाच हजार माणसं. कंपनीची अशी दहा-वीस जहाजं. सगळीकडं एकच यादी, वर्षभर एकच चव. एवढा माल पुरवणार कोण? एकरी चार टन काढणारा छोटा बागायतदार नाही. लाखो बाटल्या भरणारे मोठे कारखानेच. त्यांची वाईन वाईट नसते, ती हॉटेलातल्या सांबारासारखी असते. रोज तीच, बिघडत नाही, आठवणीतही राहत नाही. "जहाजावरची वाईन भिकार असते" असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती दहा डॉलरची ठीकठाक वाईन असते, तिच्याकडून आपण चाळीस डॉलरची अपेक्षा करतो एवढंच.

खरा घोळ होतो तो साठवणीत आणि पेल्यात. वाईनला उष्णता सोसत नाही. कंटेनर बंदरावर उन्हात राहिला की आतली वाईन शिजते, फळाची चव जाऊन मुरंब्यासारखी होते. बाटलीचं बूच वर सरकलेलं किंवा बुचाच्या कडेनं गळालेलं दिसलं तर उष्णता लागली असा संशय घ्यावा. आणि पेल्यानं विकायची बाटली उघडी राहते. हवा लागली की लाल वाईन एक-दोन दिवसांत मरगळते. म्हणून बारमध्ये पेला मागताना "ही बाटली कधी उघडली?" असं सरळ विचारा. वेटरला राग येत नाही. भाचा सांगतो, असं विचारणाऱ्याला ते नवी बाटली फोडूनच देतात. बूच काढल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास आला तर तो बुचाचा दोष. बाटली परत करता येते, हक्कानं करा.

"समुद्रावर चव बदलते" असंही लोक म्हणतात. ते विमानाचं आहे. विमानात हवेचा दाब कमी आणि हवा कोरडी, म्हणून नाक नीट काम करत नाही. जहाजात हवा खालच्यासारखीच असते. चव गेली असेल तर बुफेला दोष द्या.

आता नियम. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत, म्हणजे कार्निव्हल, प्रिन्सेस, रॉयल कॅरिबियन वगैरे, साधारण रीत अशी की चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढ माणसामागे ७५० मिलीची एक सीलबंद वाईन किंवा शॅम्पेन, तीही हातातल्या पिशवीत. व्हिस्की, रम, बिअर, खोक्यातली वाईन चालत नाही. नॉर्वेजियन बाटल्या मोजत बसत नाही, पण प्रत्येकीवर पैसे घेते, खोलीत प्यायलात तरी. एमएससी आणि कोस्टा या युरोपातल्या कंपन्या बाहेरची एकही बाटली आणू देत नाहीत. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कॉर्डेलियावरही बाहेरची दारू चालत नाही. मधल्या बंदरात उतरून बाटली घेतलीत तर चढताना ती काढून घेतात, पावती देतात आणि प्रवास संपताना परत करतात. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर वय एकवीस लागतं, सिंगापूर-युरोपकडं बऱ्याचदा अठरा. हे नियम अधूनमधून बदलतात, तिकिटासोबत येतं ते पान वाचून बघावं.

दिवसाचे ठरावीक पैसे भरून हवं ते प्यायचं, अशा पॅकेजचं दोन ओळींत. दिवसाचे सत्तर डॉलर आणि वर वीस टक्के, म्हणजे चौऱ्याऐंशी. शुल्कासकट चौदा डॉलरच्या पेल्यानं भागाकार केला तर रोज सहा पेले प्यावेत तेव्हा बरोबरी. त्यात काही कंपन्यांत खोलीतल्या एकानं घेतलं तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावंच लागतं. आमची ताई लिंबूपाण्याच्या पुढं जात नाही. विषय संपला.

आपल्या बेळगावकरांसाठी एक खास धोक्याची सूचना. वाईन म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. "परवा पणजीला चाललोय, तिथनं आणू की, स्वस्त पडेल." स्वस्त पडते, कारण तिथला कर कमी. पण गोव्याची बाटली परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, आणि चोर्ल्याच्या रस्त्याला कणकुंबीला आणि तिकडं अनमोडला अबकारीचे नाके कशासाठी बसलेत हे आपल्याला सांगायला नको. नाका चुकला असं समजा, तरी एप्रिलच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत पारा पन्नाशीच्या वर जातो. घाट उतरून-चढून घरी आणली ती वाईन राहिली की काढा झाला, ते बूच उघडल्यावरच कळणार. त्यापेक्षा गावातच, उन्हात न मांडलेली, पावती घेऊन विकत घ्यावी.

परदेशी बाटली मात्र इथं घेऊ नये. आयात वाईनवरचा सीमाशुल्काचा दर वर्षानुवर्षं दीडशे टक्के राहिला आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, त्यात पाच डॉलरच्या वरच्या बाटलीला तो शंभरवर आणि पंधरा डॉलरच्या वरच्याला पंचाहत्तरवर आला, आणि तिथून टप्प्याटप्प्यानं आणखी उतरतो आहे. तरी त्यावर राज्याचा अबकारी आहेच. ऑस्ट्रेलियाचीच वाईन प्यायची तर ती सिंगापूरच्या विमानतळावर उतरल्यावर ड्यूटी-फ्रीत घ्या. मलेशियाकडून येत नसाल तर तिथं माणशी दोन लिटरपर्यंत कर लागत नाही.

मी तेच केलं. चांगीला उतरल्यावर एक ऑस्ट्रेलियन शिराज, म्हणजे लाल वाईन, घेतली, पिशवीतच ठेवली. विमानात वाईन हातातल्या बॅगेत चालत नाही, शंभर मिलीच्या वरचं द्रव म्हणून, आणि जहाजावर मोठ्या बॅगेत चालत नाही. इथंच भावोजी फसले. टॅक्सीतून उतरताच हमालानं बॅगा ओढल्या, चिठ्ठ्या लावल्या, पट्ट्यावर टाकल्या. संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा दाराशी आल्या, भावोजींची नाही. नऊ वाजता फोन आला. खालच्या मजल्यावर एक खोली असते, तिला प्रवासी मंडळी नॉटी रूम म्हणतात. लपवलेली व्हिस्की, इस्त्र्या, पाण्याच्या किटल्या, सगळं तिथं रांगेनं मांडलेलं. त्या रांगेत टॉवेलात गुंडाळलेली आमची नंदी हिल्स. भावोजींनी मराठीत, हिंदीत आणि हातवाऱ्यांनी समजावलं की माणशी एक चालते. अधिकारी शांतपणे म्हणाला, हातात आणली असती तर चालली असती. पावती फाडून दिली.

लग्नाच्या वाढदिवसाला माझी शिराज उघडली. मजुरी पंधरा डॉलर, मी दिले. अर्धी उरली, तिच्या गळ्यात आमच्या खोलीचा नंबर अडकवून वेटर घेऊन गेला आणि दुसऱ्या रात्री खरंच आमच्या आधी टेबलावर येऊन बसली होती. भावोजी दोन्ही रात्री त्या चिठ्ठीकडं बघत होते.

त्यांची बाटली शेवटच्या सकाळी मिळाली. सिंगापूरहून बेंगळुरू, बेंगळुरूहून बेळगाव. परत येताना भारतात माणशी दोन लिटर माफ, त्यामुळं तिला कोणी अडवलं नाही. पुढच्या रविवारी टिळकवाडीत कोल्हापुरी मटणासोबत भावोजींनी ती स्वतः उघडली. बूच अर्धं पेर वर आलेलं होतं. वास घेतला, एक घोट घेतला आणि पेला माझ्याकडं सरकवला.

"मुरंबा," ते म्हणाले. "पण मजुरी शून्य."

ताईनं उरलेली सगळी रश्श्यात ओतली.